स्वस्त मायक्रोफोन आणि घरचा आवाज

घरांतील माणसाचा आवाज मुद्रित करून ठेवण्याची इच्छा हल्लीं पुष्कळ कुटुंबांत दिसूं लागली आहे. कोणाला वडिलांचें भजन ठेवावयाचें असतें, कोणाला मुलीचें गाणें, तर कोणाला परदेशीं असलेल्या नातवंडांसाठीं आजीच्या गोष्टी. मोबाईल प्रत्येकाच्या खिशांत आहे, तेव्हां मुद्रणाचें यंत्र नाहीं असें घर नाहीं. तरीहि वेगळा माईक घ्यावा कीं नाहीं, घ्यावा तर कोणता, आणि घेतल्यावर त्याचा आवाज कसा जुळवून घ्यावा, हे प्रश्न आमच्या परिचितांपैकीं तिघां-चौघांनीं गेल्या वर्षांत आम्हांस विचारले. आम्हांस विचारण्याचें कारण एवढेंच कीं, गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरांत या विषयावर बराच खल झाला व त्याची बातमी सबंध आळींत पसरली. विजेच्या शास्त्रांत आमची गति नाहीं. मॅट्रिकनंतर आम्ही संस्कृताकडे वळलों आणि आयुष्य शाळेंत मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत गेलें. परंतु पस्तीस वर्षें 'श' आणि 'ष' वेगळे करून दाखविण्यांत घालविल्यामुळें कान थोडासा तयार झाला आहे, आणि माईक पारखण्याच्या कामीं विजेपेक्षां कानच अधिक उपयोगीं पडला.

जुन्या काळीं हा प्रश्नच नव्हता. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरविलें, तेव्हां तेथें माईक नव्हता, कर्णा होता. गाणारानें कर्ण्याशीं तोंड नेऊन भरल्या गळ्यानें गावयाचें, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेंच सुई थरथरून मेणावर रेषा उठावयाची. १९२५ च्या सुमारास विजेचा माईक मुद्रणांत आला व तेथून पुढें कुजबुजहि तबकडीवर उतरूं लागली. गायनाच्या इतिहासांत या फरकाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. आम्हांला त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. कर्ण्यापुढें खणखणीत गळ्यालाच प्रवेश होता. माजघरांत, जात्यावर, पाळण्यापाशीं ज्या आवाजांनीं आमच्या पिढ्या वाढविल्या, ते आवाज कर्ण्याला ऐकूं आलेच नसते. माईकाला ते ऐकूं येतात, आणि आज तो माईक एका पगारदार मुलाला परवडेल इतक्या किंमतींत मिळतो.

आमची आई आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिचें माहेर राजापुराकडचें. श्रावणांतल्या वारांच्या कहाण्या, मंगळागौरीचीं गाणीं आणि तिच्या आजीकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या तिला मुखोद्गत आहेत. कहाण्या छापील पुस्तकांत मिळतात हें खरें. परंतु आईच्या कहाण्यांत पाठभेद आहेत व आमच्या घरीं तोच पाठ प्रमाण मानला जातो. ओव्या तर कोणी कधीं लिहूनच घेतल्या नाहींत. दोन वर्षांपासून तिचा आवाज संध्याकाळीं बसूं लागला. गेल्या दिवाळीनंतर तो दुपारींहि बसूं लागला. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, रोग कांहीं नाहीं, वय आहे.

वडिलांच्या बाबतींत काय झालें हें घरांत सर्वांना ठाऊक आहे. ते जाऊन एकोणीस वर्षें झालीं. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट आहे. नात्यांतल्या एका मुंजींत कोणीतरी टेपरेकॉर्डर मांडवाच्या खांबाशीं ठेवून दिला होता. वडील मंगलाष्टकें म्हणत आहेत एवढें समजतें. परंतु पंक्तीच्या भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि दोन बायकांचें साड्यांविषयींचें बोलणें हें सर्व जवळ आहे, आणि वडील विहिरीच्या तळाशीं असावे तसे दूर आहेत. आमच्या पुतण्यानें ती कॅसेट संगणकावर घेऊन महिनेच्या महिने खटपट केली. साड्यांचें बोलणें थोडें कमी झालें; त्याबरोबर वडीलहि कमी झाले. म्हणून आईचा आवाज राहीपर्यंत तो नीट घ्यावयाचा, मागाहून दुरुस्तीच्या भरंवशावर राहावयाचें नाहीं, असें आम्हां सर्वांचें ठरलें.

पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. त्यानें तीन माईक गोळा केले. एक त्याचा स्वतःचा, एक मित्राकडून उसना आणलेला, एक विकत घेतलेला. पहिला कॉलरला लावावयाचा, बोया कंपनीचा बीवाय-एम१. करवंदाएवढें डोकें, सहा मीटर लांब वायर आणि मध्यें बटणासारखी एक बॅटरी. किंमत हजार रुपयांच्या आंतबाहेर. दुसरा शूर कंपनीचा एसएम ५८. हा, किंवा निदान याची नक्कल, वाचकांनीं कीर्तनाच्या आणि सभांच्या व्यासपीठावर शेंकडों वेळां पाहिली असेल. मुठींत धरावयाचा दांडा व त्यावर जाळीचा गोळा. १९६६ पासून त्याचें रूप फारसें बदललेलें नाहीं. त्याच्या नांवांतलीं पहिलीं दोन अक्षरें 'स्टुडिओ मायक्रोफोन' या शब्दांचीं आहेत, पण त्याला कीर्ति मिळाली ती व्यासपीठावर. तिसरा जपानच्या ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एटी२०२०. हा आणि एसएम ५८ हे प्रत्येकीं दहा हजारांच्या आसपासचे. स्टुडिओंतील नामांकित जर्मन माईकांची किंमत लाखांत जाते. त्या मानानें हे तिन्ही स्वस्तच म्हणावयाचे.

यांच्या जाति दोन. एसएम ५८ मध्यें पातळ पडद्याला तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें व तें लोहचुंबकाच्या जवळ हलून वीज उत्पन्न करतें. बाहेरून वीज पुरवावी लागत नाहीं. एटी२०२० मध्यें वेटोळें नाहीं. पडदा आणि त्याच्या मागची पाटी यांच्यामधलें अंतर आवाजानें किंचित् कमी-अधिक होतें व त्यावरून आवाज ओळखला जातो. पाटीवर विद्युद्भार कायमचा भरून ठेवलेला असतो, तरी आंतील यंत्रणेस ४८ व्होल्टची वीज वायरींतून द्यावी लागते. कॉलरचा माईकहि याच दुसऱ्या जातीचा. कायमचा भार भरण्याची ही युक्ति माईकासाठीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सेस्लर आणि वेस्ट या दोघांनीं १९६२ मध्यें साधली. मोबाईलच्या आधींच्या टेलिफोनांत व टेपरेकॉर्डरांत तीच घरोघर पोंचली. वेटोळ्याचें ओझें नसल्यामुळें दुसऱ्या जातीचा पडदा फार चपळ असतो. त्याच एका आवाजाला एटी२०२० हा एसएम ५८ च्या सुमारें साडेसातपट व्होल्टेज देतो. हा आंकडा लक्षांत ठेवावा. पुढें उपयोगीं पडेल.

तुलना करावयाची तर तिन्ही माईकांना एकच आवाज एकाच वेळीं व एकाच अंतरावरून ऐकविला पाहिजे. आज एकापुढें बोलून उद्यां दुसऱ्यापुढें बोलणें ही तुलना नव्हे, कारण कोणाचाहि गळा दोन दिवस सारखा नसतो. पुतण्याजवळ दोन तोंडांचा लहानसा इंटरफेस होता. त्याला दोन माईक जोडले व कॉलरचा मोबाईलला जोडला. सुरुवातीस एक टाळी वाजविली, म्हणजे मागाहून तिन्ही मुद्रणें त्या टाळीवर जुळवून घेतां येतात.

बोलावयाचें काय? पुतण्यानें कोठूनशीं इंग्रजी वाक्यें आणलीं होतीं, तीं आम्हीं बाजूला ठेवावयास सांगितलीं. परीक्षेसाठीं आमच्याकडे वर्णमाला तयार आहे. पाणिनीय शिक्षेंत वर्णांचीं आठ स्थानें सांगितलीं आहेत. उरापासून ओठांपर्यंत एकेक घेत गेलें म्हणजे माईकाचा कोणता कान तीक्ष्ण आणि कोणता मंद हें समजून येतें. ओष्ठ्य 'प, फ, ब, भ' यांच्याबरोबर तोंडांतून हवेचा झोत सुटतो, तो पडद्यावर आदळला कीं 'धप्' असा आवाज उठतो. 'श, ष, स' या ऊष्म वर्णांत स्वर मुळींच नाहीं, सगळा घर्षणाचा आवाज. 'श' चा जोर खालीं असतो, 'स' चा पांच हजार हर्ट्झच्या वर जातो. जुन्या टेलिफोनवर ३४०० हर्ट्झच्या वरचें कांहींच जात नसे, म्हणून त्यावर 'स' बोथट वाटे. आणि 'क' व 'ख' यांत भेद आहे तो केवळ श्वासाचा. माईकानें तो श्वास गाळला कीं महाप्राण वर्ण अल्पप्राण होतो, खीर पिणारा कीर होतो. आम्हीं घरगुती शब्दांची एक यादी केली: भात, फणस, पापड, साखर, शेष, झांज, नणंद, घड्याळ, षट्कोण. आईनें ती सगळी वाचली आणि चष्मा काढून विचारलें, "अरे, माझ्या कहाणींत षट्कोण कोठें येतो?"

मग घरांतल्या सर्वांना तिन्ही मुद्रणें ऐकविलीं. बहुतेकांनीं एटी२०२० ला कौल दिला. पुतण्या हंसला. त्यानें एकाचेंहि नांव न सांगतां तिन्ही आवाजांची पातळी अगदीं सारखी केली, चिठ्ठ्यांवर क्रमांक घातले व पुन्हां ऐकविलें. आतां मतें पार फुटलीं. पहिल्या वेळीं तो माईक चांगला वाटला तो केवळ मोठ्यानें ऐकूं येत होता म्हणून. साडेसातपट व्होल्टेजचा तो प्रताप होता. ज्यांना दुकानांत जाऊन माईक निवडावयाचा आहे त्यांनीं ही एक गोष्ट जरूर करावी. पातळी सारखी केल्यावांचून कान निःपक्षपाती राहूं शकत नाहीं. मोठा आवाज त्याला नेहमीं गोड लागतो.

पातळी सारखी केल्यावरहि जो भेद उरला तो असा. कॉलरचा माईक सरळमार्गी होता, आई आईसारखीच वाटत होती. पण तो चोहोंकडचें सारखें ऐकणारा, त्यामुळें आईबरोबर खोलीहि बोलत होती. एसएम ५८ नें खोलीकडे दुर्लक्ष केलें. त्याच्या घडणींतच चार-पांच हजार हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव ठेवलेला आहे, त्यामुळें व्यंजनें ठसठशीत आलीं. परंतु आईचा आवाज बारीक. तो पुरेसा उचलण्यासाठीं इंटरफेसचा खुंटा जवळजवळ शेवटपर्यंत पिळावा लागला व त्याबरोबर यंत्राची स्वतःची 'सूं' ऐकूं येऊं लागली. आमच्यासारख्या वर्गांत ओरडून तयार झालेल्या गळ्याला मात्र हाच माईक उत्तम. आमचें वाचन आम्ही त्याच्यावरच करतों. एटी२०२० नें 'ख' मागचा श्वास, 'स' आणि 'श' मधला भेद, ओठ सुटण्याचा अगदीं हलका आवाज, सर्व टिपलें. त्याबरोबरच वळचणीचे पारवे, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकहि टिपली. चांगल्या कानाचें हें दुखणें आहे.

येथपर्यंत आल्यावर आमचें मत असें झालें कीं, या किंमतीच्या माईकांत आपसांत जो फरक आहे, त्याहून मोठा फरक माईक कोठें ठेवला यानें पडतो. माईक दुप्पट लांब नेला कीं सरळ येणारा आवाज सहा डेसिबलनें उतरतो. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. वडिलांच्या कॅसेटींत झालें तें हेंच. त्या टेपरेकॉर्डरांत दोष नव्हता, तो खांबाशीं होता. म्हणून अंतर एक वीत, फार तर वीत आणि चार बोटें. याहून जवळ गेल्यास एसएम ५८ व एटी२०२० यांसारखे एकाच दिशेचें ऐकणारे माईक खर्जाचे स्वर फुगवूं लागतात. रेडिओवरील निवेदकांचें घनगंभीर बोलणें पुष्कळदां या फुगवट्याचेंच असतें. आईच्या आवाजाला तो शोभत नाहीं. तिच्या कहाणींतल्या म्हातारीला एकाएकीं नाटकांतल्या राजाचा गळा येतो. कॉलरच्या माईकाला हा विकार नाहीं.

तोंडासमोर माईक धरूं नये; 'प' आणि 'भ' चा झोत सरळ रेषेंत जातो, म्हणून माईक गालाच्या रेषेंत थोडा बाजूला ठेवून त्याचें तोंड ओठांकडे वळवावें. शिवाय आमच्या सूनबाईंनीं भरतकामाच्या रिंगणाला जुन्या ओढणीचें जाळीचें कापड ताणून लावलें व तें मध्यें उभें केलें. दुकानांत याच वस्तूचे पांचशें रुपये मागतात. एटी२०२० उभा राहतो पण बाजूनें ऐकतो, कंपनीचें चिन्ह ज्या बाजूला आहे ती त्याची पुढची बाजू. त्याच्या शेंड्यांत बोलून 'माईक मंद आहे' अशी तक्रार करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. या माईकाचें ऐकण्याचें क्षेत्र हृदयाकृति असतें, पाठीकडून तो जवळजवळ बहिरा. तेव्हां जिकडून उपद्रव येतो त्या खिडकीकडे त्याची पाठ करावी.

अंतर एकदां ठरल्यावर बोलणारानेंहि तें सांभाळलें पाहिजे. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत त्यांत डोकें हलविणारा एक आहे. त्याला तो दोष कां लागला असेल याचा उलगडा आम्हांस माईकापुढें बसल्यावर झाला. डोकें हललें कीं शब्द एक जवळ आणि एक लांब पडतो. त्याच यादींत क्षीण आवाजाच्या पाठकालाहि अधम म्हटलें आहे. तेवढा दोष माईकानें आतां धुऊन काढला आहे.

खोलीविषयीं थोडक्यांत सांगतों. आमच्या माजघराला शहाबादी फरशी, गुळगुळीत भिंती आणि एक लोखंडी कपाट. तेथें टाळी वाजविली तर कपाट उत्तर देतें. शेवटीं अंथरुणांची खोली निवडली. तीन भिंतींना गाद्या लावलेल्या, दोरीवर गोधड्या, खालीं सतरंजी. बाजारांत भिंतीला चिकटविण्याचे स्पंजाचे काळे तुकडे मिळतात. ते पातळ असल्यामुळें वरचे सूर शोषतात आणि खालचा घुमारा तसाच ठेवतात. जाड गोधडी त्यांच्याहून शहाणी. वेळ पहाटें चारची. आई त्या सुमारास उठलेलीच असते, तिचा आवाज झोपेनंतर मोकळा असतो, मार्गशीर्षांत सातारच्या थंडींत पंखा लागत नाहीं आणि पारवे झोपलेले असतात. साडेपांचला शेजारची पाण्याची मोटर सुरू होते, त्यापूर्वीं काम आटोपावयाचें.

आतां जुळवणीची गोष्ट. संगणकावर ऑडॅसिटी नांवाचें फुकट मिळणारें साधन आहे, त्यांत आवाजाचा खालचा, मधला, वरचा कोणताहि भाग कमी-जास्त करतां येतो. आमटींत मीठ जास्त झालें तर काढतां येत नाहीं, कमी असेल तर घालतां येतें. येथें सर्व उलट आहे. जास्त झालेलें काढतां येतें, पण जें मुळांत नाहीं तें घालूं गेल्यास केवळ सुसाट वाढते. एसएम ५८ च्या मुद्रणाला वरच्या सुरांत उचलून एटी२०२० सारखें करण्याचा प्रयत्न पुतण्यानें केला. 'स' थोडा उजळला, त्यापेक्षां 'सूं' अधिक उजळली. काढण्याचें काम मात्र चांगलें साधलें. शंभर हर्ट्झच्या खालचें सर्व उडवून दिलें. स्त्रीच्या बोलण्याचा मूळ स्वर सामान्यतः १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो, त्यामुळें आईचें कांहीं गेलें नाहीं. गेला तो रस्त्यावरच्या ट्रकांचा घरघराट आणि जिन्यावरच्या पावलांचा धडधडाट. तीनशें ते चारशेंच्या आसपास खोक्यांत बोलल्यासारखें वाटत होतें, तेथें तीन डेसिबल उतरविले. कॉलरचा माईक छातीवर लावला असतां आठशेंच्या आसपास छातीचा नाद वाढतो व दोन ते चार हजारांमधली स्पष्टता हनुवटीखालीं अडते. तेव्हां पहिलें थोडें कमी व दुसरें थोडें अधिक केलें कीं हजार रुपयांचा माईकहि घरांत बसवून घेण्यासारखा होतो. प्रत्येक फेरफार करतांना पातळी पुन्हां सारखी करून मूळ आवाजाशीं ताडून पाहावें, आणि एकाच बैठकींत निकाल देऊं नये. तासाभरानें कान थकतो व जें ऐकतो त्यालाच बरें म्हणूं लागतो.

यानंतर घरांत वाद झाला. पुतण्यानें एका रात्रींत पहिली कहाणी 'स्वच्छ' करून आणली. मागची सुसाट साफ गेलेली, आवाज आदिपासून अंतापर्यंत एका पातळीवर, दोन शब्दांमध्यें काळोखी शांतता. तरुण मंडळींना ती फार आवडली. आमचे ज्येष्ठ बंधु कांचबिंदूमुळें दृष्टि गेल्यापासून पावलांवरून माणूस ओळखतात. त्यांनीं ती शेवटपर्यंत ऐकली व म्हणाले, "छान आहे. आईसारखें बोलणारी ही दुसरी कोणी बाई आहे."

असें कां झालें याचा शोध आम्हीं यादी घेऊन केला. सुसाट काढण्याच्या क्रियेला आधीं निव्वळ शांततेचा नमुना दाखवावा लागतो. मग ती तशा प्रकारचा आवाज सगळीकडून पुसते. परंतु महाप्राणांतला श्वास आणि ऊष्म वर्णांचें घर्षण हींहि जातीनें सुसाटच. यंत्राला तीं वेगळीं ओळखतां आलीं नाहींत. 'भात' चा 'बात' होण्याच्या पंथाला लागला होता, 'साखर' मधल्या 'ख' ची शेपटी छाटली गेली होती आणि 'शेष' जणूं पाण्याखालून येत होता. शिवाय सर्व पातळी एकसारखी केल्यामुळें, कहाणींतल्या निर्धन सुनेचें दुःख सांगतांना आई जो आवाज खालीं आणते, तो खालीं आलाच नाहीं. पुतण्या शहाणा आहे. त्यानें तें काम मोडलें. आतां सुसाट काढण्याचें प्रमाण अगदीं थोडें, सहा डेसिबलपुरतें ठेवलें आहे, आणि पहाटेच्या मुद्रणांना तेवढेंहि लागत नाहीं.

एक मुद्दा अजून मिटलेला नाहीं. आईला कवळी आहे, तिच्यामुळें 'स' बरोबर एक बारीक शीळ निघते. सूनबाईंचें म्हणणें, ती सहा-सात हजारांच्या आसपास थोडी दाबावी, कानाला टोंचते. दादांचें म्हणणें, गेलीं पंधरा वर्षें आई याच शिळेसह बोलते, ती काढली तर आम्हांला ठाऊक असलेली आई उरत नाहीं. स्वतः आईला विचारण्यांत अर्थ नाहीं. माणूस आपला आवाज हाडांतूनहि ऐकत असतो, त्यामुळें मुद्रित आवाज कोणालाच आपला वाटत नाहीं, आईनें पहिल्या दिवशींच "ही कोण चिरकी म्हातारी?" असें विचारून विषय संपविला. आमचा कल दादांकडे आहे. तरी नातलगांना पाठवावयाच्या प्रतींत शीळ थोडी उतरविली आहे, मूळ प्रतींत ती जशीच्या तशी आहे. मूळ प्रति ४८,००० नमुन्यांच्या व २४ बिटांच्या ठेवल्या आहेत. एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा लागते, ती आजच्या काळीं जड नाहीं. त्यांना कोणीहि हात लावावयाचा नाहीं असा घरचा नियम आहे, आणि त्यांची एक डिस्क येथें व एक पुण्यास ठेवली आहे.

आजवर नऊ कहाण्या झाल्या. ओव्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्याविषयींच खरी अडचण आहे. गोधड्यांच्या खोलींत खुर्चीवर बसून ओवी म्हणावयास आई तयार नाहीं. जात्यावांचून ओवी सुचत नाहीं, म्हणते. दोनदां प्रयत्न केला तेव्हां तिसऱ्या ओवीला खरोखरच अडली. जातें माळ्यावर आहे, तें या रविवारीं खालीं काढावयाचें आहे. जात्याची घरघर ही चालू आवाजासारखीच एकसुरी. ती सुसाट समजून पुसूं गेल्यास ओवीहि जाईल हें आतां कळून चुकलें आहे, म्हणून जें साधावयाचें तें माईकाच्या जागेवरच साधलें पाहिजे. पुतण्याच्या मतें एसएम ५८ ची पाठ जात्याकडे करून तो खालून आईच्या तोंडाकडे रोखावा आणि कॉलरचा माईक तिच्या पदराला लावून दोन्ही मुद्रणें वेगळीं ठेवावीं. एटी२०२० दाराशीं ठेवून जात्यासकट सगळें घ्यावें असें आमचें मत आहे. तीन तोंडांचा इंटरफेस नसल्यामुळें तो मोबाईलवर कसा घ्यावयाचा हें पाहावें लागेल. सूनबाई जातें ओढतील, आई खुंट्याला नुसता हात लावील.